शहराचे नाव लावणारी बिअर त्या शहरातच बनली पाहिजे

न्यूकॅसल ब्राउन एल ही बिअर आज न्यूकॅसलमध्ये बनत नाही. बाटलीवरच्या निळ्या ताऱ्यात त्या शहराच्या इमारतींची रेषा अजून दिसते आणि नावातही शहर आहे, पण ज्या टाइन ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, तिचा जन्म झाला ती २००५ मध्ये बंद झाली. ही बिअर १९२७ मध्ये बाजारात आली आणि पुढे ईशान्य इंग्लंडच्या जहाजबांधणी कामगारांची, खाणकामगारांची हक्काची बिअर झाली. ती छोट्या पेल्यात थोडी थोडी ओतत प्यायची, पेला सतत भरता ठेवायचा, ही तिथली रीत होती. ताऱ्याची पाच टोके म्हणजे १८९० मध्ये एकत्र येऊन ही कंपनी उभारणाऱ्या पाच स्थानिक ब्रुअऱ्या. इतकी ती त्या मातीत रुजलेली होती.

तिच्या कहाणीतला सर्वांत बोलका भाग २००० सालचा आहे. त्या वर्षी मालक कंपनीनेच पुढाकार घेऊन युरोपीय संघाकडून या बिअरला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक ठिकाणी बनलेल्या मालालाच ते नाव लावू देणारे संरक्षण, मिळवले. ही बिअर न्यूकॅसलखेरीज अन्यत्र बनू शकत नाही, असे कंपनीने स्वतःच कायद्याच्या भाषेत मान्य केले होते. पाच वर्षांत त्याच कंपनीने शहरातली ब्रुअरी बंद करून उत्पादन नदीपलीकडे गेट्सहेडला नेले. गेट्सहेड म्हणजे न्यूकॅसल नव्हे, त्यामुळे ते मानांकन कंपनीलाच रद्द करून घ्यावे लागले, आणि २००७ मध्ये ते रद्द झाले. २०१० मध्ये उत्पादन यॉर्कशरमधील टॅडकॅस्टरला गेले आणि पुढे नेदरलँड्सलाही. मधल्या काळात मालकी हायनेकेन या डच कंपनीकडे आली होती. या प्रवासात नावाला आणि ताऱ्याला कोणीही हात लावला नाही, कारण विकली जात होती ती तीच दोन.

मला हे अन्यायाचे वाटते, आणि तो अन्याय केवळ भावनेचा नाही. आज तीच बिअर कुठेही बनवता येते, हा यावर घेतला जाणारा आक्षेप मात्र गंभीर आहे, म्हणून त्याला आधी उत्तर दिले पाहिजे. एकेकाळी शहराची बिअर ठरवत असे ते तिथले पाणी. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम या क्षाराचा अंश भरपूर, म्हणून तिथली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, स्वच्छ आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा ठसठशीत दाखवणारी झाली. लंडनच्या कार्बोनेटयुक्त पाण्यात पोर्टर ही गडद बिअर चांगली बनत असे, पण तशी पेल एल साधत नसे, म्हणून लंडनच्या बड्या ब्रुअरींनी एकोणिसाव्या शतकात चक्क बर्टनला जाऊन शाखा काढल्या. चेक प्रदेशातील प्लझेन शहराचे पाणी अतिशय मृदू, आणि १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तिथे जी सोनेरी लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) बनवली तिच्या यशात त्या पाण्याचा मोठा वाटा होता. परंतु पुढे रसायनशास्त्राने पाण्याचे रहस्य उलगडले. हवे ते क्षार पाण्यात मिसळता येतात, नको ते काढता येतात, आणि बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा वाण प्रयोगशाळेत जपून कुठेही पाठवता येतो. मग बिअर कुठे बनते याने काय फरक पडतो, असा तो प्रश्न आहे.

फरक पडतो, कारण चव टिकते ती पाककृतीच्या कागदामुळे नव्हे, तर ती चव ओळखणारी माणसे बनवणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर असतात म्हणून. ब्रुअरीतला कामगार संध्याकाळी तीच बिअर कोपऱ्यावरच्या पबमध्ये पितो, पबचा मालक त्याला तोंडावर सांगतो की गेल्या आठवड्याची पिंपे बरोबर नव्हती, आणि दोन पिढ्या तीच बिअर पिणाऱ्या माणसाला बदल पहिल्या घोटातच कळतो. उत्पादन दीडशे किलोमीटर लांब, दहा वेगवेगळ्या ब्रँडची बिअर बनवणाऱ्या कारखान्यात गेले की ही साखळी तुटते. तिथल्या तंत्रज्ञाचे कौशल्य कमी असते असे मी म्हणत नाही, कित्येकदा ते अधिकच असते. पण त्याला जाब विचारणारे गिऱ्हाईक त्याच्या गल्लीत राहत नाही.

अर्थात, ब्रुअरी शहरात आहे एवढ्याने सगळे सुरक्षित राहत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या श्लिट्झ या बिअरची गोष्ट मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. ‘मिलवॉकीला प्रसिद्ध करणारी बिअर’ हे तिचे घोषवाक्य होते आणि विसाव्या शतकात बराच काळ ती अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ब्रुअरींपैकी होती. १९७० च्या दशकात व्यवस्थापनाने खर्च वाचवण्यासाठी आंबवण्याचा काळ कमी केला आणि माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) जागी मक्याच्या सिरपचे प्रमाण वाढवले. बिअर गढूळ होऊ नये म्हणून वापरलेले द्रव्य फेस टिकवणाऱ्या द्रव्याशी जुळेना आणि बाटलीत पांढुरके कण तरंगू लागले. १९७६ मध्ये सुमारे एक कोटी बाटल्या व डबे परत घ्यावे लागले. गिऱ्हाईक गेले ते परत आले नाही. १९८१ मध्ये कामगारांचा संप झाला, त्याच वर्षी मिलवॉकीतील ब्रुअरी बंद झाली आणि पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या स्ट्रो या ब्रुअरीने कंपनी विकत घेतली. इथे स्थळ बदलले नव्हते. बदलला होता तो मालकांचा विचार, आणि तो इतका आकड्यांत अडकला होता की शहरातल्या माणसांची कुरकूर त्यांच्या कानांपर्यंत पोहोचली नसावी.

याउलट जर्मनीतले कोलोन. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या शहरात चाळीसहून अधिक ब्रुअऱ्या होत्या, आणि विध्वंसानंतर त्यांतल्या फक्त दोन उरल्या. तरीही आज कोलोनची बिअर, म्हणजे क्योल्श, ही जगातल्या सर्वांत नेटाने जपलेल्या शहरी बिअरपैकी आहे. १९८६ मध्ये २४ ब्रुअरींनी एकत्र येऊन एका करारावर सह्या केल्या आणि क्योल्श म्हणजे काय हे लिहून ठेवले: फिकट, गाळलेली, हॉप्सची चव जाणवणारी, वरच्या थरात आंबणाऱ्या यीस्टची बिअर, आणि ती कोलोनमध्येच बनलेली. शहराबाहेरच्या ज्या मोजक्या ब्रुअऱ्या आधीपासून हे नाव वापरत होत्या, त्यांचा हक्क तेवढा कायम ठेवला. १९९७ मध्ये युरोपीय मानांकनही मिळाले. एरवी एकमेकांच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवणाऱ्या दोन डझन स्पर्धकांनी एका नावासाठी असे एकत्र बसावे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण मला खात्री आहे की क्योल्श वाचली ती केवळ कराराने नाही. तिच्याभोवती पिण्याची एक संपूर्ण रीत उभी आहे. तिचा पेला सरळ, अरुंद आणि जेमतेम २०० मिलिलिटरचा असतो, कारण ही बिअर लवकर शिळी पडते आणि ताजेपणीच संपवायची असते. निळा पोशाख घातलेला वाढपी, ज्याला तिथे क्योबेस म्हणतात, तो गोल तबकात पेले खोचून फिरत असतो. पेला रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. नको असेल तर पुठ्ठा पेल्यावर झाकायचा. ही रीत ब्रुअरीला जोडलेल्या बिअरगृहांत, लहान पिंपांतून थेट ओतलेल्या बिअरवर चालते. कारखाना लांब नेला तर बिअर ट्रकने आणता येईल, पण ब्रुअरी आणि तिचे बिअरगृह हे नाते ट्रकमध्ये भरता येत नाही. जवळच्या ड्युसेलडॉर्फमध्ये आल्टबिअर या तिथल्या बिअरच्या जुन्या घरगुती ब्रुअऱ्या आजही याच पद्धतीने उभ्या आहेत.

नियमाला दात असले तर काय होते, हे म्युनिकमध्ये दिसते. ऑक्टोबरफेस्ट या तिथल्या वार्षिक बिअर उत्सवात फक्त म्युनिक शहराच्या हद्दीत बनलेली बिअर विकता येते, आणि ती बनवणाऱ्या मोठ्या ब्रुअऱ्या सहा आहेत. त्यांतल्या पाउलानरने शहरातील नॉकहेरबर्गची जुनी मोक्याची जागा सोडायचे ठरवले तेव्हा कुठल्याही व्यापाऱ्याने स्वस्त जमिनीसाठी दूरचा प्रदेश शोधला असता. पाउलानरने नवी ब्रुअरी शहराच्याच पश्चिम टोकाला, लांगविडला बांधली. हद्द ओलांडली असती तर त्या उत्सवाचे दार बंद झाले असते. श्पाटेन आणि ल्योवेनब्राउ या दोन ब्रुअऱ्या आज एका बहुराष्ट्रीय समूहाच्या मालकीच्या आहेत, तरी त्यांनाही शहर सोडता येत नाही. म्हणजे मालक परका असला तरी नियम काम करतो. मला वाटते, न्यूकॅसलला नेमके हेच मिळाले नाही. तिथल्या मानांकनाने कंपनीकडून फक्त नावाची शपथ घेतली, आणि शपथ मोडण्याची किंमत शून्य ठेवली.

नियमाची मर्यादाही मला दिसते. जर्मनीतलेच डॉर्टमुंड एके काळी बिअरच्या उत्पादनात म्युनिकच्याही पुढे होते. युनियन, क्रोनेन, टीअर, रिटर, हान्सा ही नावे अजून दुकानात मिळतात, पण ती सगळी एकाच मोठ्या ब्रुअरीत बनतात. युनियनचा १९२७ चा उंच मनोरा, ज्याच्या माथ्यावर सोनेरी ‘यू’ आहे, तो २०१० पासून कलाकेंद्र आहे. काटेकोर अर्थाने ही बिअर डॉर्टमुंडचीच आहे आणि लेबल खोटे बोलत नाही. तरीही पाच ब्रुअऱ्यांची पाच बिअरगृहे, पाच मुख्य ब्रुअर आणि त्यांच्यातली चढाओढ यांतून जी चव घडत होती, ती एका छताखाली घडणार नाही. म्हणून मालकीचा प्रश्नही टाळता येत नाही. म्युनिकच्या आउगुस्टिनर ब्रुअरीची बहुतांश मालकी एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे आणि ती ब्रुअरी जाहिरात जवळजवळ करत नाही. चेस्के बुड्येयोवित्से या चेक शहरातला बुडवार हा बिअरचा कारखाना आजही चेक सरकारच्या मालकीचा आहे. या दोन्हींना भागधारकांना दर तिमाहीला उत्तर द्यावे लागत नाही, आणि दोन्ही आपापल्या शहरात घट्ट रोवलेल्या आहेत, हा मला योगायोग वाटत नाही.

माझी मागणी मर्यादित आणि स्पष्ट आहे. ज्या बाटलीवर शहराचे नाव, त्याच्या पुलाचे, मनोऱ्याचे किंवा इमारतींचे चित्र आहे, त्या बाटलीवर बिअर प्रत्यक्ष कोणत्या गावात बनली हे दर्शनी बाजूला, ब्रँडच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक असावे. मागच्या बाजूचा बारीक पत्ता पुरेसा नाही. हे बंधन नव्या छोट्या ब्रँडनाही लागू असावे, कारण त्यांतलेही काही आपल्या गल्लीचे नाव लावून दुसऱ्याच्या कारखान्यात कंत्राटावर बिअर बनवून घेतात. कंत्राटावर बनवणे गैर नाही, पण घेणाऱ्याला ते पैसे देण्याआधी कळले पाहिजे.