बँकॉकले गेलो, देवळं पाहून आलो

खेड्यातला कृषी केंद्रवाला बँकॉकला जाऊन फक्त देवळं पाहून आला, यावर आमच्या तालुक्यात कोणी विश्वास ठेवत नाही. खताच्या कंपनीची स्कीम असते, एवढी पोती उचला, थायलंड फिरा. स्कीम लागली की पानठेल्यावर डोळे मिचकावणं सुरू होतं. माझं तिकीट दोघांचं होतं. मास्तरीण असलेल्या बायकोला बोर्डाच्या पेपरांतून सुट्टी मिळेना, म्हणून आईला घेऊन गेलो. तरी परत आल्यावर प्रश्न एकच. "देवळं पायली म्हनतं? बरं. कोनती?"

कोणती ते सांगतो.

पहिलं वाट फो. वाट म्हणजे रस्ता नाही, थाई भाषेत देऊळ. तिथे महापरिनिर्वाणाच्या मुद्रेत पहुडलेले बुद्ध आहेत, 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. आमच्या शेजारच्या काकूंनी निघताना आईला बजावलं होतं, "तिथच्या बुद्धाचा पुरा फोटो आनजा, विहारात लावू." आता 46 मीटर पुरा कसा आणायचा? मध्ये खांबांची रांग. चेहरा घेतला तर पाय सुटतात, पाय घेतले तर चेहरा खांबामागे जातो. मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकलो, तिथून पुढे आई "अजून मांगं हो" म्हणत होती. शेवटी तळव्यांचा फोटो घेतला. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावाची 108 शुभचिन्हं आहेत, आणि ती एकेक पाहण्यासारखी आहेत. काकू मात्र विहारात नुसते पाय लावणार नाहीत, हे मला तिथेच दिसत होतं.

पाठीमागच्या भिंतीला ओळीने 108 काशाची भांडी. 20 बातला, म्हणजे तिथल्या पैशात, वाटीभर चिल्लर घ्यायची आणि एकेक नाणं टाकत जायचं. आईने आधी रुपयांत हिशेब केला, मग टणटण टाकत निघाली. शेवटची काही भांडी उरली आणि वाटी संपली. "माप कमी देल्लं," आई म्हणाली. खताच्या दुकानदाराची आई आहे ती, मापातलं तिला कळतं. मग उरलेल्या भांड्यांत भारतातले रुपये पडले.

तिथून नावेने नदीपलीकडे वाट अरुण. पायऱ्या अशा उभ्या की गुडघा छातीला लागतो. आई रामटेक चढलेली बाई, "जय गजानन" म्हणत चढली. वर पोचून चारही बाजूंनी फिरली आणि म्हणाली, "देव कोठी हाय?" देव वर नव्हता. वर कठडा होता आणि नदीची हवा होती. सगळा मनोरा चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेला. आईने चष्मा पुसून एक फूल जवळून पाहिलं. पाकळी म्हणजे बशीचा काठ, मधोमध वाटीचं बूड. "आपन फुटकी बशी घरात ठेवत नाई अन् हे देवळाले लावते!" एवढं बोलून दहा मिनिटं ती तिथेच उभी राहिली. बहुतेक गेल्या चाळीस वर्षांत फेकलेल्या कपबश्या आठवत असावी.

खरा त्रास पाहण्याचाच होता. शेगावला तासन् तास रांगेत उभं राहायचं, दर्शन क्षणभर, की सेवेकरी "चला माउली" म्हणतो आणि आपण बाहेर. इथे कोणी ढकलत नाही. देवासमोर अर्धा तास मोकळा, बघा म्हणतात. नमस्कार झाल्यावर माणसाने बघत काय राहायचं? आईने यावर तोडगा काढला. जे दिसेल त्याला प्रदक्षिणा.

एरावान नावाच्या देवस्थानातल्या चारमुखी ब्रह्मदेवाला तर फार बरं पडलं, फिरलं की प्रत्येक बाजूला तोंड आहेच. हे ठिकाण 1956 चं, म्हणजे आपल्या दीक्षाभूमीच्याच सालचं. नवस फेडायला लोक तिथे पैसे देऊन नाच करवतात. आईने कापसाच्या भावाचा नवस बोलून टाकला. नाचाचं बिल मी देणार, हेही ब्रह्मदेवाला कळवलं.

शेवटच्या दिवशी राजवाडा आणि वाट फ्रा केव. आतापर्यंत समुद्रावर रमलेले बाकीचे डीलर इथे बर्मुड्यात आले आणि दारातच अडले. उघडे गुडघे चालत नाहीत. बाहेर हत्तीछाप ढगळे पायजमे विकत मिळतात. ज्याच्या उधारीच्या वहीला अख्खा तालुका भितो, तो आमचा एक डीलर जांभळ्या हत्तींमध्ये लाजत उभा होता. आईच्या नऊवारी लुगड्याला पाहून पहारेकऱ्याने हात जोडले.

आत पाचूचे बुद्ध. पाचू नुसतं म्हणायला, दगड जेडचा. मूर्ती जेमतेम 66 सेंटीमीटर, पण बसवली आहे फार उंचावर. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, असा वर्षातून तीनदा तिचा पोशाख बदलतो आणि तो राजा स्वतः बदलतो. "राजा सोता?" आईने विचारलं. मग माझ्याकडे वळून, "अन् तू देवघरातलं वस्त्र दिवाळीलेच बदलतं."

भोवतालच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रांत. इथे त्याला रामकियन म्हणतात. आई खुलली. हा राम, हा लक्ष्मण, ही लंका, मला ओढत ओढत दाखवू लागली. तेवढ्यात मोडकं हिंदी बोलणारा आमचा थाई गाईड मदतीला आला.

"मम्मी, ये हनुमान. और ये हनुमान की वाईफ."

"कोनाची?"

"वाईफ. मछली."

सुवण्णमच्छा, रावणाची पोरगी, कमरेखाली मासोळी. सेतूचे दगड पळवायला आली, मारोती तिला पकडायला गेला आणि भलतंच झालं. एक मुलगाही आहे. शिवाय इथल्या मारोतीचं हे एकच प्रकरण नाही, असं गाईड कौतुकाने सांगत होता. आई दर शनिवारी मारोतीचा उपास धरते. तिने पदर डोक्यावर ओढला, नजर फरशीवर ठेवली आणि उरलेली भिंत तशीच पार केली. टोकाला पोचल्यावर हळूच म्हणाली, "पारावर हे कोनाले सांगजो नोको. भजन मंडळ मोडन."

बाहेर आलो तर चौथऱ्यावर एक दगडी देऊळ, कमरेएवढं. थायलंडचा जुना राजा मोंगकुट, त्याच्या हुकमावरून घडवलेली अंगकोर वाटची प्रतिकृती. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेलं विष्णूचं देऊळ, पुढे बौद्धांचं झालं, असं मी वाचून दाखवलं. आईने प्रतिकृतीलाही प्रदक्षिणा घातली.

"हे खरं कोठी हाय?"

"कंबोडियात. इथून विमानानं तासभर."

आईने चपला पायात सरकवल्या आणि घाम पुसत असलेल्या त्या जांभळ्या हत्तीवाल्याला हाक मारली. "काहो भाऊ, तिथच्या स्कीमले किती पोते विकाव लागते?"