अपोलोला सूर्य केलात, मग हेलिओसनं जायचं कुठं?

रथसप्तमी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ग्रीकांचा सूर्यदेव अपोलो. बाप झ्यूस, आणि जुळी बहीण आर्टेमिस म्हणजे चंद्र. त्याच्या रथाला आपल्यासारखेच सात घोडे. मुलगा फेथॉन म्हणजे आपला कर्ण. आणि हे सगळं अलेक्झांडरनं भारतातून उचलून नेलं.

सुरुवात अपोलोपासून. ग्रीक माणसाला सूर्याचं नाव विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हेलिओस. आकाशातल्या सूर्यालाही हाच शब्द आणि देवालाही हाच. अपोलोचं खातं वेगळं: धनुष्यबाण, तंतुवाद्य, भविष्यकथन, रोगराई आणि तिच्यावरचा उतारा. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या आरंभी तो बाण सोडतो तेव्हा ऊन पडत नाही, छावणीत साथ पसरते. हे दोघं वेगळे आहेत याचा सगळ्यात मजेदार पुरावा होमरच्याच 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात आहे. प्रेमदेवी अफ्रोडायटी आणि युद्धदेव एरीस यांचं लफडं हेलिओस वरून बघतो आणि तिच्या नवऱ्याला जाऊन सांगतो. नवरा दोघांना जाळ्यात पकडतो, मग देव तमाशा बघायला जमतात. त्या घोळक्यात अपोलो आहे, आणि हर्मीसशी चावट थट्टा करतोय. चहाडी करणारा एक, फिदीफिदी हसणारा दुसरा.

मेसेज लिहिणाऱ्याला सगळा दोष देणं मात्र बरं नाही. इ.स.पू. पाचव्या शतकापासून ग्रीकांतच काही जण दोघांना एक मानू लागले होते, आणि पुढे रोमन काळात ही सरमिसळ चांगलीच मुरली. अगदी १९६० साली अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमाला 'अपोलो' हे नाव सुचवणाऱ्याच्या डोळ्यांसमोरही सूर्यापुढून रथ हाकणारा अपोलोच होता. चूक जुनी आहे, प्रतिष्ठितही आहे.

पण या चुकीनं एक अख्खं घर बुडतं, आणि माझा खरा राग त्याचा आहे. हेलिओस झ्यूसचा मुलगा नाहीच. तो आधीच्या पिढीतला, टायटन घराण्यातला. जुना ग्रीक कवी हीसिअड यानं वंशावळ स्वच्छ दिली आहे: बाप हायपेरिऑन, आई थिया, बहिणी सेलेनी आणि इऑस. सेलेनी म्हणजे चंद्र, इऑस म्हणजे पहाट. आर्टेमिस शिकारीची देवी. तिच्यावर चंद्र नंतर चिकटवला गेला, भावावर सूर्य चिकटवला तसाच. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर पूर्वेच्या त्रिकोणी माथ्यात एका कोपऱ्यात हेलिओसचे घोडे समुद्रातून वर येताना कोरले होते, दुसऱ्या कोपऱ्यात सेलेनीचे खाली जाताना.

आणि लेकरं? बापापेक्षा तीच गाजली. माणसांची डुकरं करणारी सर्की ही त्याची मुलगी. क्रीटची राणी पासिफाई दुसरी मुलगी. अर्धा बैल, अर्धा माणूस असा मिनोटॉर तिच्या पोटचा. सोनेरी लोकर राखणारा आयएटीस हा मुलगा, आणि त्याची मुलगी मेडिया. युरिपिडीसच्या इ.स.पू. ४३१च्या नाटकात पोटच्या मुलांना मारून मेडिया निसटते ती आजोबांनी दिलेल्या रथातून. सूर्याची नात! उजेडाच्या घरात इतकी काळी जादू का, हा प्रश्न मला त्या मेसेजमधल्या पाचही वाक्यांपेक्षा मोलाचा वाटतो. अपोलोला सूर्य केलं की तो विचारायची सोयच राहत नाही.

देवांमध्ये जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा हेलिओस नेमका कामावर होता, असं ग्रीक कवी पिंडार सांगतो. त्याचा हिस्साच कुणी काढला नाही. झ्यूस म्हणाला, पुन्हा वाटू. हेलिओस म्हणाला, नको, समुद्रातून एक बेट वर येताना दिसतंय, तेवढं द्या. ते ऱ्होड्स. तिथं त्याचा सुमारे ३३ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, इ.स.पू. २२६च्या सुमारास भूकंपात कोसळला.

घोडे चार. रोमन कवी ओव्हिडनं चौघांची नावंही दिली आहेत. सात हा आकडा हेलिओसच्या घरी आहे, पण गोठ्यात: गायींचे सात कळप, प्रत्येकी ५०, म्हणजे ३५०, आणि मेंढ्याही तितक्याच. ओडिसियसच्या भुकेल्या खलाशांनी त्यातल्या काही गायी कापून खाल्ल्या आणि जहाजासकट बुडाले.

कर्णाचं साम्य मलाही मोहात पाडतं. दोघं सूर्यपुत्र, दोघांना जन्मावरून टोमणे, दोघांचा शेवट रथाशी जोडलेला. पण फेथॉन बापाकडे, म्हणजे हेलिओसकडे, जाऊन हट्टानं रथ मागतो, तो त्याला झेपत नाही, पृथ्वी होरपळू लागते आणि झ्यूस वज्र घालून त्याला पाडतो. कर्ण अख्खा जन्म दुसऱ्याच्या ऋणात काढतो. एक पोरकट, एक पोक्त. यांना एक म्हणणं म्हणजे कर्णावरच अन्याय.

राहिला अलेक्झांडर. तो पंजाबात पोचला इ.स.पू. ३२६ला. होमर आणि हीसिअड त्याच्या साडेतीनशे-चारशे वर्षं आधीचे. नातं आहे, पण चोरीचं नाही, भावकीचं. शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा ग्रीकांत 'ह' होतो: आपलं सप्त, त्यांचं हेप्टा. त्याच वाटेनं हेलिओस आणि सूर्य एका मुळाशी जातात. इऑस आणि उषस्, झ्यूस आणि द्यौस् हेही तसेच. डेन्मार्कमध्ये १९०२ साली कांस्याचा घोडा आणि त्यानं ओढलेली सूर्याची तबकडी सापडली, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीची. तीही अलेक्झांडरनं नेली म्हणायची का?

उलट आपल्या दाराशी येऊन राहिलेल्या ग्रीकांनी हा घोळ घातला नव्हता. बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा, ग्रीक राजा प्लेटो (तत्त्वज्ञ नव्हे, नाव तेवढं तेच) नाण्यावर चार घोड्यांच्या रथातला हेलिओस छापतो. अपोलोडोटस नावाच्या राजाच्या नाण्यावर अपोलो आहे: हातात बाण, रथ नाही. पुढे कनिष्कानं आपल्या सुरुवातीच्या नाण्यांवर सूर्यदेव घेतला, तेव्हा शेजारी ग्रीक लिपीत नाव कोरलं ते 'हेलिओस'.