'हे काही प्रेमगीत नव्हे' म्हणणारा माणूस स्पॅनिशमध्ये काय म्हणतो

डोळे लाल, आवाज बसलेला, आणि वर म्हणणं काय, तर "छे, मी कुठे रडतोय?" बॉन जोव्ही या अमेरिकन रॉक बँडचं 'दिस एन्ट अ लव्ह साँग' मला कायम असंच वाटत आलंय. १९९५ सालचं गाणं. 'दीज डेज' अल्बममधलं पहिलं सिंगल. ब्रिटनमध्ये सहाव्या नंबरपर्यंत गेलं, अमेरिकेत चौदाव्या. त्याच वर्षी हा बँड मुंबईत गाऊनही गेला. मी नव्हतो. तिकिटाला पैसे नव्हते, आणि घरी मागायची हिंमत तर त्याहून नव्हती.

गाण्यातला युक्तिवाद मोठा वाकडा आहे. तुझ्यावरचं माझं प्रेम संपलं असेल, मी रडून वाहवलेली नदी तेवढी लांब नसेल, तर माझंच चुकलं, हे प्रेमगीत नव्हे. सगळी कबुली अशी जर-तरच्या आडून. गुलाब वाळले तेव्हाच कळायला हवं होतं, असं सुरुवातीलाच म्हणून टाकतो. पण 'प्रेम' हा शब्द उच्चारायची वेळ आली की नकाराची चादर डोक्यावरून ओढून घेतो.

आणि मग काही वर्षांपूर्वी रात्री यूट्यूबवर भरकटताना याच गाण्याचा स्पॅनिश अवतार हाती लागला. 'कोमो यो नादिए ते आ आमादो'. चाल तीच, गळाही बँडचा गायक जॉन बॉन जोव्हीचाच. अर्थ शोधला आणि हसायलाच आलं. "माझ्यासारखं कुणीही तुझ्यावर प्रेम केलेलं नाही." चादर गेली, आडपडदा गेला, भाऊ थेट चौकात येऊन छाती पिटतोय!

याला भाषांतर म्हणायचं का? याच बँडचं 'बेड ऑफ रोझेस' स्पॅनिशमध्ये गेलं तेव्हा सरळ 'कामा दे रोसास' झालं, शब्दाला शब्द, गुलाबांची शेजच. इथे मात्र नावाचं तोंडच उलट्या दिशेला वळवलंय. स्कॉर्पियन्स, रॉक्सेट अशा इतर बँडनीही त्या काळात आपली गाणी स्पॅनिशमध्ये गायली. लॅटिन अमेरिकेची बाजारपेठ मोठी, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण बाजारासाठी केलं म्हणून गाणं खोटं ठरतं, हे मला पटत नाही. आपल्याकडची किती चांगली गाणी निर्मात्याच्या तगाद्यामुळे जन्माला आली असतील!

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्या स्पॅनिश नावाचा शब्दक्रम बघा: कोमो यो (माझ्यासारखं), नादिए (कुणीही), ते (तुझ्यावर), आ आमादो (प्रेम केलेलं). जवळजवळ जसंच्या तसं मराठी! इंग्रजीत 'माझ्यासारखं' शेवटी ढकलावं लागतं. इथे ते आपल्यासारखंच आधी येतं आणि प्रेम वाक्याच्या टोकाला थांबतं. टोकाला येतं म्हणूनच गायकाला ते लांबवता येतं. 'साँग' म्हटलं की आवाज नाकात जाऊन मिटतो, 'आमादो' म्हटलं की तोंड उघडंच राहतं. रडलो-रडलो म्हणतो ती ओळही तशीच. इंग्रजी 'क्राइड' शेवटच्या 'ड'वर आपटतो, 'योरे, योरे' मात्र हवं तेवढं ताणा. एवढं मोकळं रडायला स्वरान्त शब्दच लागतात, असं माझं आपलं मत.

हे गाणं लिहिणारे तिघं: जॉन, बँडचा तेव्हाचा गिटारवादक रिची साम्बोरा आणि गीतकार डेस्मंड चाइल्ड. यातल्या डेस्मंडची आई क्यूबन, स्वतः गाणी लिहिणारी. पुढे लॅटिन पॉप गायक रिकी मार्टिनच्या 'लिविन ला विदा लोका' या गाण्याच्या लेखनातही हाच डेस्मंड होता. त्यामुळे या चालीत पहिल्यापासूनच थोडं स्पॅनिश रडणं मुरलेलं होतं की काय, अशी मला शंका येते. पुरावा काही नाही, कान सांगतो म्हणून सांगतोय.

जॉनचे उच्चार? शब्द पाठ करून गातोय हे कुणालाही कळेल. पण त्या चाचपडण्यातच मजा आहे. परक्या भाषेत माणूस थोडा निर्लज्ज होतो. जे मायबोलीत म्हणायला जीभ अडखळते, ते दुसऱ्या भाषेत बिनदिक्कत बोलून जातो. आपल्यातल्या किती जणांनी 'आय लव्ह यू' मराठीत म्हटलंय, हात वर करा.

(रॉक्सेटची गंमत याच्या बरोबर उलटी. इंग्रजीत 'इट मस्ट हॅव बीन लव्ह', म्हणजे ठामपणे 'ते प्रेमच असणार', स्पॅनिशमध्ये 'नो से सि एस आमोर', म्हणजे 'प्रेम आहे की नाही, कोण जाणे'.)

तर माझं मत स्पॅनिशला. रविवारी बायको मेथी निवडत बसली होती, तेव्हा दोन्ही गाणी लागोपाठ लावली आणि दोन्हींचा अर्थ सांगितला. इंग्रजीवर म्हणाली, "निदान आपलं चुकलं एवढं तरी याला कळलंय." स्पॅनिश संपलं तरी मान वर केली नाही. "माझ्यासारखं कुणी प्रेम केलं नाही, असं म्हणतोय ना? मग ती गेली हे बरंच झालं."