‘36 टक्के भारतीय डिप्रेशनमध्ये’: हा आकडा आला कुठून?

“भारत जगातला सर्वात डिप्रेस्ड देश. 36 टक्के लोक नैराश्यात. सर्वाधिक रुग्ण आपलेच, त्यातही महाराष्ट्र पुढे.” ऑक्टोबरात मानसिक आरोग्य दिन आला की हा फॉरवर्ड हमखास येतो.

आधी ते 36 टक्के. 2011 साली 18 देशांतल्या पाहण्यांवर एक शोधनिबंध आला. त्यात भारतापुढे 36 आहे, हे खरं. पण कशाचे? आधी सगळ्यांना मोजके चाळणी-प्रश्न विचारले. त्यांना ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी 36 टक्के लोक सविस्तर मुलाखतीत नैराश्याच्या व्याख्येत बसले. एकूण लोकांमध्ये, आयुष्यात कधी तरी नैराश्य येऊन गेलेले निघाले 9 टक्के. फ्रान्समध्ये 21. कोष्टकातला भलताच रकाना वाचून आपण पहिले आलो! शिवाय ‘भारत’ म्हणून ज्यांना विचारलं ते पुदुच्चेरीचे.

“सर्वाधिक रुग्ण आपलेच.” जागतिक आरोग्य संघटनेचा 2015 सालचा अंदाज भारतासाठी सुमारे 5.67 कोटींचा होता. सव्वाशे कोटींच्या देशात आणखी काय होणार? प्रमाण 4.5 टक्के; जगाचं 4.4, युक्रेनचं 6.3.

“महाराष्ट्र पुढे.” आत्महत्यांच्या नोंदींत पुढे आहे, हे दुर्दैवाने खरं: 2022 मध्ये देशात 1,70,924, पैकी 22,746 इथल्या. पण ही पोलिसांची नोंद. कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक समस्या’, ‘आजारपण’ असं तपास अधिकारी भरतो. त्यावरून नैराश्य किती, ते कळत नाही. नैराश्याची मोजणी निम्हान्सच्या (बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था) 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत झाली, ती 12 राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हताच.

आता कुणी म्हणेल, “म्हणजे सगळं ठीकच की!” मुळीच नाही. त्या पाहणीत पाहणीच्या वेळी नैराश्य असलेले प्रौढ 2.7 टक्केच निघाले, पण नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत दर 100 पैकी सुमारे 85 जणांना उपचार मिळत नव्हते. फॉरवर्ड करण्यासारखा आकडा हा आहे. 2.7 सुद्धा कदाचित कमीच असेल: दारात आलेल्या अनोळखी माणसाला, सासू शेजारी बसलेली असताना, “मला जगावंसं वाटत नाही” असं कोण सांगेल? “झोप नाही, अंग दुखतं,” एवढंच बाहेर येतं. अशा घरात सुनेशी वेगळं बसून, तिच्याच बोलीत विचारायला माणूस आणि वेळ लागतो, आणि त्याला पैसे लागतात.