सव्वा बारचा संसार

इंग्लंडमध्ये घर घेताना छपरापासून तळघरापर्यंत सगळ्याची चौकशी केली. बॉयलरच्या तोंडावरच्या, दाब दाखवणाऱ्या रुपयाएवढ्या तबकडीकडे मात्र लक्ष गेले नाही. रेडिंगमधल्या आमच्या स्वयंपाकघरातला हा गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी बंद नळ्यांतून खोल्याखोल्यांतले ऊब देणारे रेडिएटर फिरून परत येते, आणि ही प्रदक्षिणा सुरळीत चालण्यासाठी यंत्रणा थंड असताना आतला दाब एक ते दीड बार (बार हे दाबाचे माप) असावा लागतो. आमच्या काट्याला शून्याची ओढ होती.

जानेवारीतल्या रोजच्या सकाळी मी तोंडात टॉर्च धरून गुडघे टेकायचो आणि बॉयलरखालच्या लवचिक नळीच्या दोन्ही चाव्या उघडायचो. मुख्य नळाचे पाणी सूं सूं करत आत शिरायचे, काटा सव्वावर आला की चाव्या बंद. एकदा नेमका त्याच वेळी वाईहून आईचा फोन आला आणि काटा अडीचवर गेला. जास्तीचे पाणी काढण्यासाठी रेडिएटरच्या कडेची चौकोनी खुंटी पितळी किल्लीने जेमतेम पाव फेरा फिरवली, तर आधी फुस्स करून हवा निघाली आणि मग खाली धरलेल्या वाटीत शाईसारखे काळे पाणी पडले. ते रेडिएटरच्याच लोखंडाचे आतून झिजलेले काळे चूर्ण होते, आणि रोज नवे पाणी म्हणजे रोज नवा प्राणवायू भरून त्या झिजेला खतपाणी मीच घालत होतो. "ती वाटी आता कोशिंबिरीला नको," एवढेच पत्नी म्हणाली.

काटा दिवसा तीनकडे धावायचा आणि पहाटे शून्यावर झोपायचा. परसातल्या भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या नळीखाली बर्फाची एक छोटी पिंड साचलेली दिसली, तेव्हा उलगडा झाला: मी सकाळी भरलेले पाणी तीन बारला उघडणारी सुरक्षा झडप दिवसभर इमानेइतबारे बाहेर टाकत होती.

शेवटी नोंदणीकृत गॅस कारागीर आला. तापलेले पाणी फुगते, त्या फुगवट्याला जागा देण्यासाठी आत एक डबा असतो, डब्यात रबरी पडदा आणि पडद्यापलीकडे हवा. आमच्या डब्यातली हवाच निघून गेली होती, असे निदान त्याने केले. मग यंत्रणेतले पाणी सोडून त्याने डब्याच्या वॉल्व्हला, जो हुबेहूब मोटारीच्या चाकाचा असतो, पायपंप लावला आणि हवा भरली. वाईला सायकलच्या दुकानात या कामाचे कोणी पैसेही घेतले नसते. इथले बिल रुपयांत किती होते, ते मी आईला सांगितलेले नाही.

तिने उभा जन्म तांब्याचा बंब सांभाळला आहे, आणि पाण्याशिवाय जाळ केला की सांध्यांचा डाख सुटतो, हा तिचा या विषयातला एकमेव नियम आहे. परवा तिने विचारले, "बंबात पाणी आहे ना रे?"

"आहे. सव्वा बार."

"म्हणजे किती तांबे?"