चित्र दहा सेकंदांत येतं, म्हणून कलाशिक्षण संपलं?

प्रवेशाचे दिवस आले की एक मजकूर ग्रुपांवरून फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: 'कला आणि डिझाइनच्या पदवीवर चार वर्षं घालवू नका. यंत्र दहा सेकंदांत चित्र काढतं. सॉफ्टवेअर व्हिडिओ बघून शिकता येतं. खरा कलावंत जन्मावाच लागतो, व्हॅन गॉग कुठल्या शाळेत गेला होता? आणि डिझाइन म्हणजे शेवटी सजावटच.' मी हाच विषय शिकवते, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे असं कुणी म्हणू शकेल. म्हणून यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करते.

यंत्र दहा सेकंदांत चित्र काढतं, हे खरं आहे. डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही तिन्ही साधनं २०२२ या एकाच वर्षात लोकांसमोर आली, आणि ठरावीक साच्याची चित्रं काढून पोट भरणाऱ्यांच्या कामावर गदा आली. त्यांना 'काही होत नाही' असं सांगणं क्रूरपणाचं आहे. १८३९ साली छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं, तेव्हा छोटी व्यक्तिचित्रं रंगवणाऱ्यांचा धंदा असाच बसला होता. चित्रकला मात्र हुबेहूबपणाच्या ओझ्यातून सुटली. हुबेहूब चित्रणापेक्षा क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन १८७४ साली पॅरिसमध्ये भरलं, तेही नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत.

तरी या दाखल्यावर मी सगळी भिस्त ठेवणार नाही. कॅमेऱ्याला समोरचं जग लागत होतं, या यंत्राला आधी काढलेली चित्रं लागतात. अशी यंत्रं घडवण्यासाठी केलेल्या लायन-५बी नावाच्या संचात इंटरनेटवरच्या सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे, चित्रांच्या वर्णनासह, गोळा केलेले होते. स्टेबल डिफ्यूजन त्याच संचातल्या निवडक भागांवर घडवलं गेलं. ती चित्रं कुणाची, त्यांना विचारलं होतं का, त्यात कुणाचे चेहरे भरपूर आणि कुणाचे नावालाच, हे प्रश्न आता वर्गात यायलाच हवेत. यंत्राने पन्नास पर्याय पुढे टाकले की त्यातले एकोणपन्नास का नाकारायचे, हे सांगता येणं हीच तर अवघड गोष्ट आहे.

सॉफ्टवेअर व्हिडिओवरून येतं, हेही मान्य. जो अभ्यासक्रम चार वर्षं फक्त सॉफ्टवेअर शिकवतो, त्याच्यापुरता हा मजकूर अक्षरशः बरोबर आहे. एकेकाळी वेबसाइटवरची हलती चित्रं करण्याचं फ्लॅश हे सॉफ्टवेअर शिकण्यात किती जणांचे किती तास गेले! ३१ डिसेंबर २०२० ला अडोबी कंपनीने ती चित्रं ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयरचा आधारच काढून घेतला.

मग शिकायचं काय? बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या जुन्या जर्मन शाळेतला एक वर्ग मला याचं उत्तर वाटतो. योझेफ आल्बर्स तिथे प्राथमिक अभ्यासक्रम शिकवत. एका विद्यार्थ्याने नंतर आठवण सांगितली आहे: आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, प्रत्येकाला कागद दिले आणि म्हणाले, यातून काहीतरी घडवा. कागदाचा मान राखा, शक्यतो कात्री-डिंक वापरू नका. काही तासांनी परतले तेव्हा किल्ले, विमानं, प्राणी, मुखवटे तयार होते. ते सगळं त्यांनी बाजूला सारलं, कारण या वस्तू दुसऱ्या कशातूनही, कदाचित जास्त चांगल्या, झाल्या असत्या. मग त्यांनी एका विद्यार्थ्याचा कागद दाखवला. त्याने तो फक्त उभ्या घड्या घालून पडद्यासारखा उभा केला होता. लुळा कागद आता ताठ झाला होता, स्वतःच्या सर्वांत पातळ कडेवर उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसत होत्या.

या तासात चित्र एकही तयार झालं नाही. पण समोरची वस्तू काय करू शकते हे हातांनी शोधायचं, आणि आपण तीन तास खपून केलेला किल्ला सगळ्यांसमोर बाजूला सारला गेला तर का गेला हे ऐकून घ्यायचं, हे शिक्षण तिथे झालं. आजही ज्युरीत, म्हणजे शिक्षक आणि परीक्षकांसमोर काम मांडायच्या बैठकीत, विद्यार्थी उभा राहतो आणि कुणीतरी विचारतं, 'हे इथेच का?' तो प्रश्न पहिल्यांदा अंगावर येतो. दोन-तीन वर्षांनी विद्यार्थी तो स्वतःलाच विचारू लागतो. एकट्याने व्हिडिओ पाहताना हे विचारणारं समोर कुणी नसतं.

व्हॅन गॉगचं उदाहरण तर चुकीचंच आहे. चित्रकार व्हायचं त्याने ठरवलं ते १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याने शार्ल बार्ग यांच्या रेखांकनाच्या पाठांवरून चिकाटीने नकला केल्या, ब्रसेल्सच्या अकादमीत नाव घातलं, १८८६ मध्ये अँटवर्पच्या अकादमीत गेला, मग पॅरिसला कोरमाँ या चित्रकाराच्या शिकवणीच्या स्टुडिओत. अकादमीशी त्याचं जमलं नाही, हे खरं. पण कोरमाँकडे त्याला तुलूझ-लोत्रेक आणि एमिल बर्नार हे चित्रकार भेटले. सोबत काम करणारी माणसं मिळणं ही शाळेची किती मोठी देणगी असते, हे त्या मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

'डिझाइन म्हणजे सजावट' या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेची मांडणी बदलली. हेतू चांगला होता: वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. त्यामुळे नावं समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि मत नोंदवायची छिद्रं मधोमध एकाच रांगेत आली. कुठलं छिद्र कुणाचं हे अनेकांना कळेना. एकाहून जास्त छिद्रं पाडल्यामुळे १९ हजारांवर मतपत्रिका बाद झाल्या. अख्ख्या राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी. ती पत्रिका आधी दहा-वीस वयस्कर मतदारांच्या हातात देऊन त्यांची बोटं कुठे अडखळतात हे पाहणं, हे डिझाइनच्या विद्यार्थ्याला शिकवायचं काम आहे.

फी परवडत नाही, ही तक्रार मात्र त्या मजकुरात असायला हवी होती. ती रास्त आहे आणि तिचं उत्तर संस्थांनीच द्यायला हवं. गुण फक्त अंतिम कामाला देण्याची पद्धतही आता मोडायला हवी, कारण अंतिम काम यंत्रही देतं. कच्ची रेखाटनं, फसलेले नमुने, लोकांशी बोलून बदललेला आराखडा यांना गुण हवेत. म्हणून संस्था बघायला जाल तेव्हा भिंतीवर फ्रेम करून लावलेली कामं पाहून परत येऊ नका. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला तिची वही मागा, आणि खोडलेल्या पानांवर ती किती वेळ बोलू शकते ते ऐका.