पिझ्झा वेळेत, कोथिंबीर उद्या

सुपरहिरो व्हायचं असेल तर आधी घरच्यांना 'काम आहे' म्हणून सांगा, दार लोटून घ्या आणि 'स्पायडर-मॅन २' लावा. २००४ साली त्याच नावाच्या चित्रपटावरून ट्रेआर्क या कंपनीने केलेला हा गेम. चित्रपटावरून काढलेला गेम म्हणजे बहुधा कालच्या उरलेल्या भाताला दिलेली फोडणी. हा मात्र चांगला निघाला, त्याला आपला इलाज नाही.

डिस्क घेताना प्लेस्टेशन २ किंवा एक्सबॉक्सचीच घ्या. नाव एकच असलं तरी पीसीवरचा गेम निराळा. त्यात नेमून दिलेल्या खुणांवरच जाळं टाकायचं. मेन रोडवरच्या एका दुकानदाराने 'सेमच आहे हो' म्हणत तोच माझ्या गळ्यात मारला. आठवडाभर खुणांवर क्लिक करत मी स्वतःला हिरो समजत होतो.

खऱ्या गेममध्ये जाळं आभाळाला चिकटत नाही, समोर इमारत लागते. मॅनहॅटनमध्ये ती सोय आहे. नाशकात हा प्रयोग करू नका. कॉलेज रोडला दोन झोके मिळतील, पण पंचवटीत शिरलात की जुने वाडे, तुमचे पाय रस्त्याला घासणार. रामकुंडापाशी धरायला उरतो गोदावरीतला दुतोंड्या मारुती. पुराचं पाणी कुठवर चढलं हे अख्खं गाव त्याच्याकडे बघून ठरवतं, त्याला तुमच्यासाठी वेळ नाही.

खेळ शिकवायला ब्रूस कॅम्पबेल या नटाचा आवाज आहे. तो सूचना कमी आणि टोमणे जास्त देतो. घरी तेच ऐकत असाल तर जड जाणार नाही.

आता जगाचं रक्षण. हिरो पॉइंट्स पुरेसे साठेपर्यंत कथा पुढे सरकत नाही. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसही शहराचा नाश तुमच्या सवडीने करतो. तोवर पोराच्या हातून सुटलेला फुगा आणून द्या. पिझ्झा पोचवा. घड्याळ उलटं धावतंय, मागे तीच ती इटालियन धून पिंगा घालतेय, दाबून दाबून अंगठ्याचं टोक पांढरं पडलंय. नेमकी तेव्हाच आई दारातून म्हणेल, "अरे, पाऊस थांबलाय तोवर कोथिंबिरीची जुडी आण ना. मिसळीवर घालायला काडी नाही घरात."

उठू नका. गेम मध्येच थांबवता येतो हे तिला मुळीच कळू देऊ नका. "डिलिव्हरी चालू आहे गं," म्हणा. खोटंही नाही ते. भाजीवाली कोपऱ्यावरच बसते हे खरं, पण तिथे पॉइंट्स नाहीत, धून नाही, आणि जिना पायांनी उतरावा लागतो.

तिसऱ्या खेपेला पिझ्झा पोचला की बाहेर या. मिसळीवर कोथिंबीर असेल. दाराशी आजोबांच्या चपला ओल्या असतील, छत्री निथळत असेल. तुमचे पॉइंट्स किती झाले, ते त्यांना जरूर सांगा.